पाठराखीण विलायतेत

विलायतेहून परत आलेल्या माणसाने काय सांगावं, याबद्दल आमच्या मिरजेत पक्क्या कल्पना आहेत. राजवाडा पाहिला का, नदीकाठचं मोठं घड्याळ पाहिलं का, बर्फ पडला का आणि तिकडे आपल्यासारखी कोथिंबीर मिळते का. मी राजवाडा पाहिला नाही, घड्याळही नाही. बर्फ पडला नाही. कोथिंबीर मिळते. मी पाहिलं ते मिल्टन कीन्स नावाचं गाव, तिथून जवळची एक जुनी हवेली आणि एका चर्चमागचं गवत. एवढ्यासाठी इतक्या लांब कशाला गेलीस, असं शेजारच्या वहिनींनी तोंडावर विचारलं. बाकीच्यांनी मनात विचारलं असणार. त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

मिल्टन कीन्स

गेले ती ताईंकडे. ताई म्हणजे सांगलीच्या नांद्रेकरांची थोरली मुलगी. माझी आई त्यांच्याकडे स्वयंपाकाला होती. मी लहान असतानाच ती काविळीने गेली आणि नानांनी, म्हणजे ताईंच्या वडिलांनी, मला घरात ठेवून घेतलं. इथे वाचणाऱ्याच्या मनात एक शंका येते, ती मला ठाऊक आहे. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांत ती बघत आले. तर तसं काही नाही. माझा बाप गिरणीत कारकून होता, त्याचा चेहरा मला आठवतो, माझं नाक त्याच्यावर गेलंय. तो मुंबईला गेला आणि परत आला नाही, एवढीच त्याची गोष्ट.

ताईंचं लग्न झालं तेव्हा मला त्यांची पाठराखीण म्हणून कोल्हापूरला पाठवलं. नव्या नवरीला सासरी परकं वाटू नये म्हणून माहेरची एखादी मुलगी सोबत द्यायची आणि चार-आठ दिवसांनी तिने परत यायचं, ही आपली रीत. मी चार-आठ दिवसांसाठी गेले आणि ताई डॉक्टरांबरोबर, म्हणजे त्यांच्या यजमानांबरोबर, विलायतेला निघेपर्यंत तिथेच राहिले. मला परत न्यायला कुणाला सवड झाली नाही आणि तिकडे माझा उपयोग होता. पुढे नानांनी मला नर्सिंगला घातलं. मी मिरजेच्या इस्पितळात नोकरी केली, लग्न केलं नाही, निवृत्त झाले. मला कुणाबद्दल तक्रार नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

डॉक्टर गेले आणि ताईंचे फोन वाढले. आधी दिवाळीला यायचा, मग महिन्याला, मग दर रविवारी. "इंदू, ये ना इकडे. घरात बोलायला कुणी नाही गं." शेवटी तिकीटच पाठवलं.

विमानतळावर ताईंचा मुलगा रोहन आला होता. जन्म तिथलाच, पन्नाशीला आलेला, रीडिंगला कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. माझी एकुलती एक बॅग बघून तो गोंधळला.

"मावशी, बस, हा एकच बॅग? बाकीची लगेज मागून येते का?"

"एवढंच आहे रे."

"ग्रेट. I mean, चांगला आहे." त्याने गाडी विमानतळाबाहेर काढली. मग समोर रस्त्याकडे बघत म्हणाला, "आई खूप एकटी झालंय. ती सांगणार नाही तुला. मी every other Sunday येतो, पण रीडिंगहून drive लांब आहे, मुलांचं football असतं. तू आलीस ना, honestly, मला झोप लागेल आता."

त्याचं मराठी ऐकून हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. एवढ्या मोठ्या मुलाची झोप माझ्यावर अवलंबून होती, आणि मला कुणी तसं आधी सांगितलं नव्हतं.

मिल्टन कीन्स हे गाव आधी कागदावर आखून मग बांधलेलं आहे. सरळ रस्ते, प्रत्येक चौकात गोल बेट, बेटावर झाडं, आणि रस्ताभर माणूस म्हणून दिसत नाही, सगळे गाड्यांत. पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी लाल रंगाच्या वेगळ्या वाटा आहेत, त्यांना रेडवे म्हणतात. मी रोज सकाळी त्या लाल वाटेने निघायचे. समोरून कुत्रा आणि त्याचा मालक आला तर मालक 'मॉर्निंग' म्हणायचा. मीही 'मॉर्निंग' म्हणायचे. किती तरी दिवस ताई सोडून माझं जगाशी झालेलं एकूण बोलणं एवढंच.

एकदा कोथिंबीर आणायला म्हणून निघाले आणि चुकले. तिथे चुकणं सोपं आहे, कारण प्रत्येक बेट दुसऱ्या बेटासारखं आणि रस्त्याखालून जाणारा प्रत्येक बोगदा दुसऱ्या बोगद्यासारखा. मिरजेत चुकलं तर पानवाल्याला विचारावं, रिक्षावाल्याला विचारावं. न विचारताही चार माणसं सांगायला येतात. इथे विचारायला माणूस हवा ना! बाकावर बसून राहिले. शेवटी एक कुत्रेवाले आजोबा आले, त्यांनी मला थेट ताईंच्या दारापर्यंत आणून सोडलं आणि 'चिअरिओ' म्हणून गेले. ताई दारातच उभ्या होत्या. रडवेल्या झाल्या होत्या. "तू मला न सांगता जात जाऊ नकोस," म्हणाल्या. मी म्हटलं, सांगूनच गेले होते, तुम्ही झूमवर होतात.

झूमवर त्या असायच्या ते कुलवृत्तांताच्या कामाला. आपल्याकडे घराण्याचा कुलवृत्तांत छापतात, तसा नांद्रेकरांचा निघतो आहे. मूळ पुरुष, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे, कोण दत्तक गेला, कुणाचा वंश खुंटला, सगळं पिढीवार. ताईंनी पुण्याच्या मंडळाशी भांडून या खेपेला लेकींची मुलंही घ्यायला लावली होती. आलेल्या सुनेचं माहेरचं नावही पूर्ण हवं, यावर तर त्या अडून बसल्या होत्या. दर शनिवारी दुपारी लॅपटॉपसमोर पदर सावरून बसायच्या आणि पुण्यातल्या म्हाताऱ्या पुतण्यांना झापायच्या. तेवढा वेळ त्या पूर्वीच्या ताई असायच्या, एरवी नाही.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला कौतुकाने बोलावलं. "हे बघ, तुलाही घेतलंय." परिशिष्ट होतं, 'घराण्याशी जिव्हाळ्याने जोडलेली माणसे'. त्यात नानांचे गुरुजी, गाडीचा ड्रायव्हर, शेताकडे बघणारे एक गृहस्थ आणि मी. 'इंदुमती. स्वयंपाकीणबाईंची मुलगी. लहानपणापासून घरातच वाढली. पुढे परिचारिका.' खरं सांगते, मला आनंद झाला. छापील पुस्तकात माझं नाव कधी आलेलं नाही. त्या आनंदात मी भरली वांगी केली. फोडणीच्या आधी ताईंनी सवयीने बाहेरचे कोट उचलून वरच्या खोलीत नेऊन ठेवायला सांगितले, कोटांना वास लागतो म्हणून. मी नेऊन ठेवले. आल्यापासून तिसऱ्या दिवशीच स्वयंपाकघर माझ्याकडे आलं होतं. कुणी दिलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. ताईंना गुडघ्यांमुळे उभं राहवत नाही, आणि माझे हात रिकामे राहत नाहीत.

वेम्बली

मध्ये एकदा आगगाडीने वेम्बलीला गेलो. इलिंग रोडवर पाय ठेवला आणि नाकाने ओळखलं की आपली माणसं आली. मेथीच्या जुड्या, तोंडली, कढीपत्ता, गरम जिलबी, एकीकडे देवळाची घंटा. मी अधाशासारखी बघत होते. ताईंनी मला साडी घेतली, हिरवी, जरीकाठाची. मी नको नको म्हणत होते, पण त्यांना घ्यायचीच होती.

दुकानातली गुजराती बाई मोठी बोलकी. दोन्ही हातांवर साडी पसरत तिने हिंदीत विचारलं, ही तुमची बहीण का?

ताई म्हणाल्या, "घरातलीच आहे."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याचा हिशेब नाही. पाहुण्यांसमोर, डॉक्टरांच्या नातेवाइकांसमोर, कोल्हापूरच्या सासूबाईंसमोर. ते प्रेमानेच म्हटलेलं असतं. ज्या घरातल्या माणसाला नातं असतं त्याच्याबद्दल असं कुणी म्हणत नाही, एवढंच. जिलबी खाल्ली, छान होती. परत येताना गाडीत ताईंना झोप लागली, त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं आणि मी बाहेरची सारखी-सारखी घरं बघत बसले.

हवेली

त्या हवेलीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ताई अजून तिथे जातात. महिन्यातून दोनदा त्या तिथे विनावेतन गाइडचं काम करतात. कोटावर बिल्ला लावायचा, काठी घ्यायची आणि आलेल्या लोकांना खोल्या दाखवायच्या. त्यांना तिथल्या इंग्रज घराण्याच्या पिढ्या नांद्रेकरांइतक्याच पाठ आहेत. कुलवृत्तांताचं वेड लागलं तेही इथेच, पहिल्या खोलीतल्या भिंतीवरचा भला मोठा वंशवृक्ष बघून.

रोहनने आम्हाला सोडलं. पाऊस म्हणावा असा नाही, पण हवा ओली. आठ-दहा माणसं होती, बहुतेक म्हातारी इंग्रज जोडपी, सगळी हळू आवाजात बोलणारी. त्यांच्यात एक कृष्णवर्णीय बाई, माझ्या वयाची, धिप्पाड, जांभळ्या रेनकोटातली. एकटीच आलेली. बाकीचे पंख्यासारखं कोरलेलं दगडी छत बघत होते, ती फक्त वंशवृक्ष वाचत होती, बोट लावून.

ताईंनी सुरुवात केली. त्यांचं इंग्रजी ऐकत राहावं असं. या घराण्याचा एक धाकटा मुलगा अमेरिकेत व्हर्जिनियाला गेला, तिथे तंबाखूचा मोठा मळा केला. गुलाम होते, अर्थातच. तो तिकडेच वारला. पुढे तिथे युद्ध झालं, इंग्रजांचं राज्य गेलं, तेव्हा त्याची मुलगी एलिझाबेथ इकडे काकांच्या घरी परतली. तिच्यामुळे ही शाखा टिकली. "ती आली," ताई म्हणाल्या, "दोन मुलं, चांदीची भांडी आणि एक मोलकरीण घेऊन."

जांभळ्या कोटातल्या बाईने शाळेत करतात तसा हात वर केला.

"त्या मोलकरणीचं नाव हॅना," ती म्हणाली. "ती माझी आजी. मध्ये बऱ्याच आज्या होऊन गेल्या, पण आजीच."

बाईने आपलं नाव लॉरेटा असं सांगितलं आणि काचेच्या पेटीकडे बोट केलं. त्या पेटीत व्हर्जिनियातल्या त्या बापाचं मृत्युपत्र उघडं ठेवलेलं आहे, खाली छापील अक्षरांत मजकूर. मी तोवर त्याच्याकडे बघितलंही नव्हतं. आता वाकून वाचलं. 'माझी मुलगी एलिझाबेथ हिला निजायचा मोठा पलंग गाद्यांसकट, चांदीचे चमचे, तांबूस घोडी आणि हॅना नावाची मुलगी, तिच्या पुढच्या वाढीसकट.'

"वाढ म्हणजे?" मी ताईंना हळूच मराठीत विचारलं.

"तिला पुढे होणारी मुलं," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

लॉरेटा शांतपणे सांगत होती, जणू फार वेळा सांगून झालेलं. मृत्युपत्र लिहिलं तेव्हा हॅनाला एक मुलगी होती, सुकी. त्याच मालकापासून झालेली. म्हणजे सुकी ही एलिझाबेथची सावत्र बहीण. या घराण्याचे आजचे वंशज आणि लॉरेटा यांचं रक्त तपासणीत जुळलंही होतं. "पण तिकडचा कायदा असा, की मूल आईच्या मागे जायचं. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कुणीही असो. सुकीला बापाच्या इस्टेटीतलं काही मिळालं नाही. तीच इस्टेटीत मालकाच्या धाकट्या मुलाच्या वाट्याला गेली." हॅनाला एलिझाबेथ इंग्लंडला घेऊन आली आणि सुकी तिकडे राहिली. लॉरेटा सुकीची. हॅना कुठे गेली ते बघायला ती अमेरिकेहून आली होती.

ताई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. "मी इतकी वर्षं 'एक मोलकरीण' एवढंच म्हणत आले," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच नाही विचारावंसं. I am so sorry." मग एका म्हाताऱ्या गृहस्थांनी जेवणघराकडे कधी जायचं असं विचारलं, आणि ताईंना जावं लागलं. जाता जाता मला म्हणाल्या, "इंदू, चर्चच्या मागे पूर्वी नोकरमाणसांना पुरायचे. तू जा हिच्याबरोबर. माझे गुडघे चालायचे नाहीत तिथवर." मी निघाले. सोबतीला कुणाला धाडायचं असलं की अजूनही मीच.

चर्चच्या मागे

चर्चच्या पुढच्या बाजूला दगडच दगड होते, नावांचे, शेवाळलेले. मागे उत्तरेकडे सावली, आणि नुसतं गवत. जमीन जरा उंचसखल होती, त्यावरून काय ते समजायचं.

लॉरेटा बराच वेळ उभी राहिली. "कशाच्या शेजारी उभं राहू?" तिने मला विचारलं. इस्पितळात इतकी वर्षं काढली, मरण बघायची सवय आहे, पण तिथे निदान खाट तरी असते. मी तिचा दंड धरला. मग ती मोठ्याने नावं घेऊ लागली. आईचं, आजीचं, पणजीचं, अशी मागे मागे, प्रत्येक नावानंतर जरा थांबत. सुकी. हॅना. तिथे ती थांबली. "हिच्या आईचं नाव मला नाही सापडलं," म्हणाली. "हिच्यामागे भिंत आहे. सगळे म्हणतात, शोधत राहा. मला माहीत आहे, नाही सापडणार." आणि ती रडली, आवाज न करता, तोंडावर हात ठेवून.

माझ्या पर्समध्ये आलेपाकाच्या वड्या होत्या. मी तिला एक दिली. खाऊन तिने डोळे मोठे केले, आलं तिखट लागलं. मग जरा हसली, आणखी एक मागितली. आम्ही चर्चच्या कठड्यावर बसून आलेपाक खाल्ला.

"ती गाइडबाई तुझी बहीण का?" तिने विचारलं.

मी 'नाही' म्हटलं. इतकं साधं उत्तर मी आजवर कधी दिलं नव्हतं. दर वेळी ताई काय म्हणतात याची वाट बघायचे. मग मी तिला सगळं सांगितलं. माझ्या इस्पितळातल्या इंग्रजीत, मोडकंतोडकं. पाठराखीण म्हणजे काय, तेही. लग्नात ताईंना पलंग दिला होता, चांदीची भांडी दिली होती. आणि मला. मी घाईने म्हटलं, पण मी गुलाम नव्हते हो, त्यांनी मला शिकवलं, जेवू घातलं, कधी हात उगारला नाही, माझं तुमच्यासारखं काही नाही.

"नाही, तुझं माझ्यासारखं नाही," लॉरेटा म्हणाली. "मी कुठे म्हटलं तसं?" मग तिने विचारलं, "पण तू त्यांची कोण?"

दोन वेगळी दुःखं एका मापाने मोजू नयेत, एवढं मला कळतं. तिच्या आज्यांना विकता येत होतं. मला नोकरी होती, पेन्शन आहे, दाराला माझं स्वतःचं कुलूप आहे. तरीही तिचा प्रश्न मनातून जाईना. हवेलीच्या फाटकाशी आम्ही एकमेकींचा निरोप घेतला. तिने मला घट्ट मिठी मारली. आमच्याकडे अशी मिठी मारायची पद्धत नाही, हातांचं काय करावं ते मला कळलं नाही.

पुन्हा मिल्टन कीन्स

पुढचे दोन-तीन दिवस ताई गप्प होत्या. मी आमटी केली, त्यांनी निमूट खाल्ली. शनिवारी झूमला बसल्या नाहीत. त्या दुपारी त्या स्वयंपाकघरात आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"इंदू, रोहनशी बोलले मी. तू परत जाऊ नकोस. सहा महिन्यांचा व्हिसा आहे तो पुरा वापर, मग महिनाभर जाऊन ये, पुन्हा अर्ज करू. तिकडे तरी कोण आहे तुला? इथे मी एकटी, तिथे तू एकटी. दोघी राहू."

हे खोटं नव्हतं. मिरजेच्या माझ्या दोन खोल्यांत संध्याकाळी दिवा लावला की दुसऱ्या खोलीतला अंधार बघवत नाही. मला राहायचं होतं.

"कोण म्हणून राहू, ताई?"

"म्हणजे? तू काय परकी आहेस? घरातलीच ना तू!"

"घरातली म्हणजे कोण?"

त्यांना राग आला नव्हता, प्रश्नच कळला नव्हता. मी गॅस बंद केला. म्हटलं, "परिशिष्टातलं माझं नाव काढून टाका."

"का गं? मी हौसेने घातलंय."

"माहीत आहे. पण नको. तिथे माझ्या आईलासुद्धा नाव नाही."

"तिला सगळे स्वयंपाकीणबाईच म्हणायचे, इंदू. आम्ही लहान होतो."

"हो. म्हणूनच."

"मग तू कुठेच नसशील पुस्तकात," ताई अगदी हळू म्हणाल्या.

"नसू दे."

कणीक तिंबून ठेवलेली होती. मी पोळ्या केल्या, त्या आम्ही दोघींनी खाल्ल्या, भांडी मी धुतली. आम्हाला भांडायचं तरी कसं, तेही माहीत नव्हतं. बहिणी असतो तर जमलं असतं.

तिकीट होतं त्याच दिवशी मी निघाले. सकाळी खाली आले तर स्वयंपाकघरात ताई उभ्या होत्या, एका हाताने ओटा धरून, कपाळावर पीठ. प्रवासाला म्हणून त्यांनी पोळ्या आणि बटाट्याची भाजी केली होती. रोहन चकित होऊन बघत होता. "आई, तू पोळी करतो?" एवढंच म्हणाला. ताईंनी डबा माझ्या हातात दिला. विमानात तो डबा उघडला. पोळ्या जाड होत्या, कडा कच्च्या, भाजीत मीठ नव्हतं. त्या घरातल्या कुणी माझ्यासाठी रांधलेलं मी पहिल्यांदा खात होते. सगळं संपवलं, आणि शेजारच्या प्रवाशाला कळू नये म्हणून खिडकीकडे तोंड करून रडले.

मिरज

आल्यावर शेजारच्या वहिनींनी राजवाड्याचं विचारलं. मी म्हटलं, पुढच्या वेळी. घर बंद राहून कोंदट झालं होतं. झाडलं, पुसलं, तुळशीला पाणी घातलं, ती वाळली होती. पुढचा रविवार आला आणि गेला, ताईंचा फोन नाही. त्याच्या पुढचाही. मी फोन हातात घेऊन बसायचे आणि खाली ठेवायचे. माझं मीच तोडलं होतं, त्यामुळे कुणाकडे बघून रुसायचीही सोय नव्हती. आयुष्यात एवढं एकटं मला कधी वाटलं नाही, आई गेली तेव्हाही नाही. तेव्हा कळत नव्हतं.

मग एका शनिवारी, झूमच्या वेळेलाच, फोन आला.

"इंदू, मंडळाची माणसं थांबली आहेत लाइनवर, त्यांना थांबू दे. परिशिष्ट काढून टाकलंय. वेगळं पान करते आहे, नांद्रेकरांच्या वेलात नाही, स्वतंत्र. वर तुझ्या आईचं नाव येईल, खाली तुझं. तुझ्या आईचं नाव सांग."

कितीतरी वर्षांत ते नाव मी मोठ्याने उच्चारलं नव्हतं, उच्चारायला कुणी लावलंच नव्हतं.

"यशोदा," मी म्हटलं. "यशोदा विष्णू कुलकर्णी."

"सावकाश सांग, लिहून घेते." पलीकडे कळा दाबल्याचा आवाज येत होता. ताईंनी नाव दोनदा म्हणून बघितलं. मग सगळ्या सुनांचं विचारतात तसंच, कामाच्या सवयीने विचारलं, "आणि माहेरच्या कोण?"

मी आठवून बघितलं. आईचा आवाज आठवला, हाताचा हळदीचा वास आठवला, गाव नाही, आडनाव नाही. विचारायला कुणी शिल्लक नाही.

"माहीत नाही, ताई."

कळांचा आवाज थांबला. दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही.